अंबडमधला बंद प्लेटिंगचा प्लॉट घेऊन तिथे चिवड्याचं युनिट टाकावं का?

चिवडेवाला_पंचवटी
नमस्कार मंडळी. आमचं पंचवटीत चिवडा-फरसाणचं घरगुती काम आहे, आजोबांपासून चालत आलेलं, आता ऑर्डरी वाढल्या पण जागा तीच, कढई एका खोलीत आणि पॅकिंग जिन्याखाली अशी गत आहे. म्हणून मी आणि धाकटा भाऊ नाशिकच्या अंबड एमआयडीसीत शेड बघतोय. एक प्लॉट मिळतोय, आजूबाजूच्या भावापेक्षा बऱ्यापैकी कमी, ब्रोकर म्हणतो कुंभमेळा तोंडावर आलाय, आत्ता टोकन दिलं नाही तर हातचा जाईल.

गोम अशी की तिथे आधी प्लेटिंगचं, म्हणजे धातूच्या भागांना मुलामा द्यायचं, युनिट होतं. निकेल-क्रोम आणि झिंक दोन्ही चालायचं म्हणे. लॉकडाऊननंतर बंद पडलंय, मालक वारले, मुलं पुण्यात, त्यांना विकून मोकळं व्हायचंय. सासरेबुवांना सोबत घेऊन बघायला गेलो तर शेडच्या मागच्या भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पिवळट-हिरवट ओल चढलेली, वर पापुद्रे सुटलेले, बोट लावलं की भुगा पडतो. खालचा कोबा जागोजागी खाल्लेला, खडी उघडी पडलीये. कोपऱ्यात दोन निळे ड्रम, झाकण गंजलेलं, आत काय आहे कुणालाच माहीत नाही. आवारात बोअर आहे, चालू आहे. ब्रोकर म्हणे पाणी गोड आहे, कामगार हेच प्यायचे.

पार्टीने मातीचा एक रिपोर्ट दिलाय, एका पानाचा, सगळं "मर्यादेत". भाऊ म्हणतो वरून सहा इंच काँक्रीट आणि फूडग्रेड टाइल टाकली की विषय संपला. मला मात्र झोप लागेना, कारण आपलं खाण्याचं काम आहे. तर जाणकारांनी सांगा, नेमकं काय तपासायचं, बोअरचं पाणी वापरता येईल का, आणि उद्या काही निघालं तर ते निस्तरायचं कुणी?

---

प्रयोगशाळेतला_काका
सगळ्यात आधी, त्या भिंतीला परत बोट लावू नका, आणि लावलंच असेल तर हात धुतलेत ना? चेष्टा नाही करत.

तो पिवळा रंग बघून मला नव्वद टक्के क्रोम सहा वाटतंय, म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियम. क्रोम प्लेटिंगच्या टाकीत क्रोमिक अ‍ॅसिड असतं, जॉब, म्हणजे मुलामा द्यायचा भाग, बाहेर काढला की थेंब थेंब खाली गळतं, वर्षानुवर्षं कोब्याच्या भेगांतून जमिनीत जातं. मग पावसाळ्यात खालची ओल भिंतीतून वर चढते तेव्हा क्रोमेटही सोबत चढतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो. तुमच्या हाताला लागला तो भुगा तोच असणार. श्वासातून जाणाऱ्या क्रोम सहामुळे फुफ्फुसाचा कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे शेड पाडताना उडणारी धूळ हा पहिला धोका, पाणी दुसरा.

आता आपल्या नाशिकच्या जमिनीची गंमत ऐका. लोक म्हणतात काळी माती सगळं धरून ठेवते. निकेल, झिंक, शिसं बऱ्यापैकी धरते, कारण ते धन भाराचे आणि काळ्या मातीचे कण ऋण भाराचे. क्रोमेट मात्र स्वतःच ऋण भाराचं, माती त्याला फारसं धरत नाही, पाण्याबरोबर सरळ खाली. आणि खाली काय आहे आपल्याकडे? थोडी माती, मग मुरूम, मग बसाल्टचा खडक, त्यातल्या फटींतून पाणी कुठून कुठे निघेल ते सांगता येत नाही. शेजारच्या प्लॉटचा बोअर स्वच्छ आणि तिसऱ्या प्लॉटचा पिवळा असंही होतं. म्हणून "बाजूच्याचं पाणी चांगलं आहे" या वाक्याला काही किंमत नाही, आणि "गोड आहे" याला तर त्याहून नाही. चव बिघडण्याच्या कितीतरी आधी क्रोम मर्यादा ओलांडतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००, त्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, निकेल ०.०२, सायनाइड ०.०५, शिसं ०.०१. हे आकडे डोळ्यांना आणि जिभेला कळणारे नाहीत.

पार्टीच्या रिपोर्टमध्ये एकच गोष्ट बघा, नमुना कुठून घेतला आणि किती खोलीवरून. बहुतेक वेळा चार-पाच ठिकाणची माती एकत्र कालवून एक नमुना करतात, त्यात गेटजवळच्या झाडाखालचीही माती असते, मग टाकीखालचं विष सरासरीत विरघळून जातं आणि सगळं मर्यादेत येतं. नमुने वेगवेगळेच हवेत: टाक्यांच्या ओळीखाली, ईटीपीजवळ (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा), तिथला स्लज म्हणजे गाळ वाळवायचे त्या बेडखाली, नाली जिथून बाहेर पडते तिथे, आणि तुलनेसाठी एक प्लॉटच्या बाहेरचा जिथे काही होणं शक्य नाही असा. प्रत्येक ठिकाणी वरचा, फूट-दोन फुटांवरचा आणि मुरूम लागतो तिथला. एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबकडूनच करा, आणि नमुना त्यांच्याच माणसाने घ्यायला हवा, ब्रोकरने पिशवीत भरून दिलेला नको. पाण्यातलं क्रोम सहा तपासायचं तर बाटली बर्फात ठेवून चोवीस तासांत लॅबला पोचली पाहिजे, नाहीतर त्याचं रूप बदलतं आणि रिपोर्ट उगाच छान येतो.

---

अंबडकर_उद्योजक
काकांचं ज्ञान बरोबर असेल पण एवढं घाबरवू नका हो. सातपूर-अंबडमध्ये निम्मे प्लॉट हात बदललेत, आधी कुणाचं हीट ट्रीटमेंट होतं, कुणाचं पेंटिंग, कुणाचं पिकलिंग, आज तिथेच लोक सीएनसी मशीनं लावून बसलेत आणि पोरं शिकली त्यावर. मी स्वतः जुनं फॉस्फेटिंगचं शेड घेतलं, कोबा उखडला, नवा टाकला, धंदा चालू. मातीत खोदत बसलात तर नाशिकमध्ये एकही जागा स्वच्छ मिळणार नाही, आणि रिपोर्ट खराब आला की पार्टी दुसऱ्याला विकून मोकळी होईल, तुम्ही बसा मग मखमलाबादला शेत शोधत, तिथे परत एनएचं, म्हणजे बिगरशेती परवानगीचं, लफडं. भाव कमी आहे तो याचसाठी कमी आहे, घासाघीस करून अजून पाडा आणि घ्या. पाणी एमआयडीसीच्या कनेक्शनचं वापरा, बोअर बंद करून टाका, हाय काय अन् नाय काय.

---

जुना_प्लेटर
अंबडकर भाऊ, सीएनसी आणि चिवडा यात फरक आहे की नाही? लोखंडाला कॅन्सर होत नाही.

मी प्लेटिंगच्या लायनीत सुपरवायझर होतो, सातपूरला आणि अंबडला दोन्हीकडे, रिटायर झालो आता. युनिटचं नाव घेत नाही, पण छोट्या शॉपमध्ये काय चालायचं ते सांगतो, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल. टाक्या एका ओळीत, आधी डिग्रीझिंग, मग अ‍ॅसिड डिप, मग निकेल, मग धुणं, मग क्रोम, मग परत धुणं. सगळ्यात जास्त गळती क्रोम आणि त्यानंतरच्या धुण्याच्या टाकीच्या मधे, कारण पोरगं रॅक उचलून घाईत पुढे टाकतं. तुमचा कोबा जिथे सगळ्यात जास्त खाल्लाय तिथे ती जागा समजा.

दुसरं म्हणजे पिट. टाक्यांच्या खाली उतरती नाली आणि शेवटी एक खड्डा, तिथून पंपाने ईटीपीला. पंप जळला की काय व्हायचं? खड्डा भरून वाहायचा, आणि काही ठिकाणी मागच्या बाजूला शोषखड्डा केलेला असायचा "पावसाच्या पाण्यासाठी". पावसाळ्यात रात्रीच्या पाळीला काय काय सोडलं जायचं ते नासर्डी नदीला विचारा. ताज्या प्लास्टरखाली नाही तर नव्या मुरमाखाली असे खड्डे दडवलेले असतात. मालकाच्या पोरांना यातलं काही माहीत नसणार, ते शाळेत होते. जुना हेल्पर शोधा, चुंचाळे नाही तर दत्तनगरला कुणी ना कुणी सापडेल, चहा पाजा, तो पायाने जागा दाखवेल.

आणि त्या ड्रमांबद्दल कान उघडे ठेवून ऐका. झिंक होतं म्हणता ना, जुन्या शॉपमध्ये झिंक सायनाइडवर चालायचं. एका ड्रममध्ये सायनाइडचं मीठ आणि दुसऱ्यात अ‍ॅसिड असेल आणि भंगारवाल्याने दोन्ही एकाच खड्ड्यात ओतलं तर जो गॅस निघतो त्याने माणूस जागेवर पडतो. हलवू नका, उघडू नका, हुंगू तर अजिबात नका. ते काढणं विकणाऱ्याचं काम, आणि तेही लायसन्सवाल्या माणसाकडून.

---

कागदपत्र_बघणारी
जुना प्लेटर काकांच्या मुद्द्याला कागदाची जोड देते, कारण मी हेच काम करते, इंडस्ट्रियल प्लॉटचे व्यवहार.

दादा, एमआयडीसीत तुम्ही जमीन विकत घेत नाही, बहुतेक ९५ वर्षांची लीज तुमच्या नावावर ट्रान्सफर होते, आणि त्यासाठी एमआयडीसीची परवानगी आणि ट्रान्सफरचे पैसे. आधी उरलेली वर्षं मोजा, थकबाकी नसल्याचा दाखला बघा. हे ब्रोकर सांगेलच. तो जे सांगणार नाही ते असं की प्रदूषण मंडळाची फाइल मागा. प्लेटिंग म्हणजे रेड कॅटेगरी, सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांचा गट, मंडळाच्या संमतीपत्राशिवाय (कन्सेंट) चालवताच येत नाही, त्यामुळे कन्सेंटच्या प्रती असणारच. त्यात रोज किती पाणी आणि वर्षाला किती घातक कचरा याचे आकडे लिहिलेले असतात. मग फॉर्म ४ ची वार्षिक विवरणपत्रं आणि फॉर्म १० ची मॅनिफेस्ट मागा, म्हणजे ईटीपीचा स्लज रांजणगाव किंवा तळोज्याच्या अधिकृत ठिकाणी गेल्याची पावती. कन्सेंटमध्ये वर्षाला अमुक टन स्लज लिहिलाय आणि मॅनिफेस्ट आहेत दोनच, तर उरलेला गेला कुठे? एवढ्या एका प्रश्नाने समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी तर म्हणते मातीचे नमुने घ्यायच्या आधी हे करा, फुकट आहे.

आता "निस्तरायचं कुणी" याबद्दल. जो घाण करेल तो भरेल हे तत्त्व आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावच्या प्रकरणात ठामपणे मांडलं, तिथे एच-अ‍ॅसिड हे रंगांसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरी लाल-काळ्या केल्या होत्या. पण खास दूषित जागांसाठी केंद्राचे नियम आले ते थेट जुलै २०२५ मध्ये. त्यानुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी आणि पुढच्या ९० दिवसांत सविस्तर तपासणी करायची, जागा दूषित ठरली की जबाबदार कोण ते ठरवून खर्च त्याच्याकडून घ्यायचा. कागदावर छान आहे. पण इथे घाण करणारा वारलाय, कंपनी बंद, पोरं म्हणणार आम्ही फक्त वारस. प्लॉटवर पाटी कुणाची, बोर्डाचा माणूस आला की गेटवर भेटणार कोण? तुम्ही. तुम्ही निर्दोष असलात तरी ते सिद्ध करण्यात वर्षं जातात आणि तोवर फूड लायसन्सवाला पाण्याचा रिपोर्ट मागत बसतो. म्हणून व्यवहाराच्या आधीच्या तारखेचे मातीचे आणि पाण्याचे रिपोर्ट तुमच्या हातात हवेत, तेच पुढे तुमची ढाल.

करारात लिहून घ्या की टोकन तपासणीच्या निकालाला बांधील, निकाल वाईट आला तर पूर्ण परत. आणि ड्रम, स्लज, टाक्या विकणाऱ्याने मॅनिफेस्टसह हलवल्याशिवाय ताबा नाही.

---

चिवडेवाला_पंचवटी
बापरे, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ताई तुमच्या म्हणण्याप्रमाणे फाइल मागितली, दोन दिवस "शोधतो" म्हणाले आणि मग कन्सेंटची एक जुनी प्रत पाठवली, मॅनिफेस्टबद्दल विचारल्यावर फोन उचलणं कमी झालंय. सासरे म्हणतात यातच काय ते समजा. भाऊ मात्र अजून काँक्रीटवर अडलाय. त्याचं म्हणणं, पाणी एमआयडीसीचं घेऊ, बोअर सील करू, खाली काय आहे त्याच्याशी आपल्याला काय करायचंय, सहा इंचाच्या खालून चिवड्यात काय येणार आहे? मला उत्तर देता आलं नाही खरं सांगायचं तर.

---

जर्सीतला_नाशिककर
भावाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे कारण मी राहतो तिथून जवळच घडलंय. न्यू जर्सीत गारफिल्ड नावाचं छोटं शहर आहे, अगदी सिडकोसारखी दाट वस्ती, मधेच एक प्लेटिंगचं वर्कशॉप होतं. १९८३ च्या डिसेंबरात तिथली क्रोमिक अ‍ॅसिडची टाकी फुटली, हजारो गॅलन जमिनीत गेलं, त्यातलं थोडंसंच परत उपसता आलं आणि काही काळाने ते काम थांबवलं. मग १९९३ मध्ये गावच्या अग्निशमन केंद्राच्या तळघरात पिवळे-हिरवे स्फटिक दिसले. भूजल वर आलं की तळघरात झिरपायचं, सुकलं की क्रोमियम मागे राहायचं. नंतर घरांच्या तळघरांतही सापडलं. २०११ मध्ये ती जागा सरकारी सुपरफंड यादीत, म्हणजे देशातल्या अतिदूषित जागांच्या यादीत गेली. म्हणजे टाकी फुटल्यापासून अठ्ठावीस वर्षांनी. आणि इथल्या तळघरांना बहुतेक काँक्रीटचीच फरशी असते बरं का.

इथे आता कुणीही जुनी इंडस्ट्रियल जागा घेताना आधी कागदांचा इतिहास तपासून घेतो आणि संशय आला तर मग माती-पाण्याचे नमुने, त्याशिवाय बँक कर्जच देत नाही. कायदा कडक म्हणून लोक शहाणे झाले असं नाही, बँकेने हात आखडला म्हणून झाले. तुम्हीही कर्ज काढणार असाल तर बँकेला कळू द्या की जागा प्लेटिंगची आहे, बघा काय म्हणतात.

---

प्रयोगशाळेतला_काका
गारफिल्डचं उदाहरण चपखल. भावाला एवढंच सांगा की काँक्रीट वरून पडणारं पाणी अडवतं, खालून चढणारं नाही. तुमच्या भिंतीवर आत्ता जे चढलंय ते कोबा असतानाच चढलंय ना? आणि चिवड्याच्या युनिटमध्ये कोरडं काम, पोहे, डाळ्या, पीठ, पंखे चालू, म्हणजे भिंतीवरचा भुगा हवेत यायला सगळी सोय.

पण अंबडकर भाऊंचं एक बरोबर आहे, प्रत्येक जुनी जागा टाकून द्यायची म्हटलं तर कारखाने शेतात जातील, आणि द्राक्षाच्या बागा काढून तिथे शेड बांधणं हे काही शहाणपण नाही. अशा जागा साफ करून वापरल्याच पाहिजेत. क्रोम सहावर उपाय आहे, फेरस सल्फेटसारखं रसायन देऊन त्याला क्रोम तीन करतात, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि विषारीपणा खूपच कमी. जास्त खराब माती आणि कोबा खणून अधिकृत ठिकाणी पाठवायचा, उरलेल्या जागेवर उपचार, मग ओल अडवणारा थर, मग काँक्रीट. आणि नंतर एक निरीक्षण बोअर ठेवून पाणी तपासत राहायचं. फक्त उखडलेला कोबा डंपरवाल्याला देऊन नाल्याकाठी भराव म्हणून टाकू नका, तो कोबा स्वतःच घातक कचरा असतो, आणि सगळीकडे हेच होतं. खर्च रिपोर्ट आल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, जो सांगतो तो थापा मारतो. खराबी टाक्यांच्या ओळीपुरती वरच्या दोन फुटांत असेल तर परवडेल, खडकात उतरली असेल तर तुमच्याआमच्या आवाक्यातलं काम नाही.

वर बघा, पत्रे कुठले आहेत? जुने सिमेंटचे असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, ते फोडायचे नाहीत, अख्खे उतरवायचे. अन्नाच्या शेडवर ते नकोतच.

---

अंबडकर_उद्योजक
बरं बाबा, चिवड्यासाठी नको, मान्य. पण मग असं करा ना, हा प्लॉट एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला जाऊ द्या आणि तुम्ही बघा जिथे आधी असेंब्ली नाही तर गोडाऊन होतं असं शेड. माझ्या ओळखीत पाथर्डी फाट्याकडे एक आहे, पॅकेजिंगवाल्याचं, भाव थोडा जास्त. मेसेज करतो.

---

कागदपत्र_बघणारी
अंबडकर दादा, फॅब्रिकेशनवाल्याच्या पोरांची फुफ्फुसं वेगळी असतात का? साफ तर ते करावंच लागेल, कुणीही घेतलं तरी. चिवडेवाले दादा, तुम्ही घेतलं नाही तरी त्या भिंतीचे आणि ड्रमचे फोटो प्रदूषण मंडळाच्या नाशिक ऑफिसला लेखी अर्जासोबत द्या, पोच घ्या. शेजारच्या प्लॉटवर लोक तेच पाणी पीत असतील.

---

चिवडेवाला_पंचवटी
अर्ज देतो सोमवारी. भावाला गारफिल्डचं वाचून दाखवलं, तो म्हणे ते अमेरिकेचं आपल्याकडे काय, मग सासऱ्यांनी त्याला विचारलं की तू त्या शेडमध्ये तुझ्या पोरीला घेऊन जेवायला बसशील का, तेव्हापासून गप्प आहे. पार्टीला कळवलंय, तपासणी आमच्या लॅबकडून, ड्रम तुम्ही हलवा, त्यानंतरच टोकनचं बोलू. ब्रोकर चिडलाय, म्हणे दुसरं गिऱ्हाईक आहे. असू दे. अंबडकर भाऊ, पाथर्डी फाट्याच्या शेडचा पत्ता पाठवा, तिथे पॅकेजिंगच्या आधी कोण होतं तेही विचारून ठेवा.

---

जुना_प्लेटर
तपासणीला पार्टी हो म्हणाली तर मला बोलवा, लॅबच्या पोराला टाक्या कुठे असणार ते दाखवतो. नाहीतर तो आपला मधोमध खड्डा घेऊन निघून जाईल. आणि बोअरचा नमुना पंप पंधरा-वीस मिनिटं चालवून मगच घ्या, पाइपातलं उभं पाणी घेऊन काही कळत नाही.